बनूबाई बाळाजी गायकर या नावेने माहेरी गेल्याबाबत

जबाब, दिनांक २९ एप्रिल १९९१, मुक्काम अंबरनाथ

माझे नाव आनंदा बाळाजी गायकर, वय ४६ वर्षे, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती व सुटे भाग विक्री, दुकान स्वतःचे, राहणार कॅम्प नंबर चार, उल्हासनगर, घर स्वतःचे, मूळ गाव पालेगाव. आज निरोप मिळताच दुकान बंद करून मी आपणहून पोलीस ठाण्यात आलो असून विचारलेल्या गोष्टींबाबत सांगतो ते असे की,

मी वरील ठिकाणी पत्नी विठा व मुलांसह राहतो. माझा थोरला भाऊ सुदाम पालेगाव येथे वडिलांच्या घरात राहतो व अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीस आहे; त्याची सुटी शुक्रवारी असते. आमची आई बनूबाई, वय अंदाजे ७८, त्याच्याकडे असते. बहीण गोदू शिरगाव, बदलापूर येथे दिलेली आहे. पालेगावच्या जमिनीवर इमारती बांधणारे लोक फिरू लागल्यापासून आम्हा दोघा भावांत बोलणे नाही. भांडण असे झालेले नाही. बोलणे नाही.

मी वयाच्या सोळाव्या वर्षी पालेगावहून चालत उल्हासनगरला आलो व एका सिंधी शेठकडे कापडाचे गठ्ठे उचलायला लागलो. आज त्याच गल्लीत माझे दुकान असून त्याच शेठच्या कारखान्यातील सर्व मशीन माझ्याकडे दुरुस्तीला येतात. याचा तक्रारीशी संबंध नाही, असे हवालदार साहेब म्हणाले. तरी लिहून घ्यावे अशी मी विनंती केली.

काल रात्री सुदामने तक्रार दिली, ती मला वाचून दाखवली. तिच्यात असे आहे की, तो कामावर असताना एक अनोळखी इसम घरी आला व आईला टेम्पोत बसवून घेऊन गेला. माझा भाऊ आनंदा याने जमिनीच्या कागदावर आईचा अंगठा घेण्यासाठी हे केले असावे, असा त्याचा संशय आहे. यातील टेम्पो खरा आहे. तो मीच केला होता. इसम अनोळखी नाही आणि अंगठ्याचे पुढे सांगतो.

आईचे माहेर नांदखार, तालुका भिवंडी. गाव उल्हास नदीच्या खाडीला लागून आहे. आईचे लग्न झाले तेव्हा वऱ्हाड नावेतून कल्याण बंदराला उतरले व तिथून बैलगाडीने पालेगावला आले. पुढे रस्ते झाले, पूल झाले, तशा माणसांच्या नावा बंद पडल्या, रेतीच्या राहिल्या. माझे दोन्ही मामा वारले. त्यानंतर आई माहेरी गेली नाही. एस.टी. लागते म्हणून जात नाही, असे आम्ही सर्व जण धरून चाललो होतो.

यंदा शिमग्याला मी व गोदू पालेगावला गेलो होतो. सुदाम घरी नव्हता. आई पडवीत तांदूळ निवडत होती व तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. घरच्यांना ती बडबड वाटते. माझे कान तिखट आहेत. मशीन कुठे अडते ते मी आवाजावरून सांगतो, धंदाच तो आहे. आई एकेक गाव म्हणत होती. कल्याणपासून खाली, डाव्या काठाचे एक, उजव्या काठाचे एक, अशी खाडीवरची गावे तिने नांदखारपर्यंत म्हटली आणि पुन्हा कल्याणपासून सुरुवात केली. त्याच दिवशी मी ठरवले की आईला एस.टी.ने नाही, नावेनेच न्यायचे, आणि सगळ्या कुटुंबाने बरोबर जायचे. सुदामलाही गोदूच्या तोंडी निरोप पाठवला. त्याने उत्तर दिले नाही. उत्तर न देणे म्हणजे नाही म्हणणे, असे मी धरले नाही.

कल्याणच्या बंदरावर रामभाऊ तरे, वय अंदाजे ४०, याचा रेतीचा मचवा आहे. मी तो ठरवला. रामभाऊने व मी मिळून तो घासून धुतला. वर ताडपत्रीची सावली केली, खाली गाद्या टाकल्या, आणि पुढच्या टोकाला माझ्या दुकानातील हाताची खुर्ची दोराने पक्की बांधली. ती मी मशीनवाल्या बड्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली आहे. शेठ म्हणाले, "आनंद सांई, लोग फॅमिली लेके स्टीमर से गोवा जाते हैं, तू रेती की नाव में कहाँ जा रहा है?" मी म्हटले, "शेठजी, मेरी माँ का मायका गोवा में नहीं है."

सर्व तयारी झाल्यावर गोदू आईला सांगायला गेली तर आई उठेना. गोदूने मला तिचे शब्द सांगितले ते असे: "नाव केलीस, चांगला केलास. पन मना न्यावाला कोन आयलाय? मुराळी आल्याबिगर मी माहेरा जावाची नाय. मी का पलून चाललंय?"

मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला येणारा माणूस. भाऊ, भावाचा मुलगा, कोणीही, पण माहेरचा हवा. पोटचा मुलगा चालत नाही, कारण तो सासरचा. मामा वारल्यापासून मुराळी आला नाही म्हणून आई गेली नाही. एस.टी.चा काही संबंध नव्हता. इतकी वर्षे हे आम्हाला कोणाला कळले नाही. मलाही नाही.

मी ही अडचण रामभाऊला सांगितली. तो हसायला लागला. म्हणाला, "शेठ, मी नांदखारचाच हाय. मीच जातो की मुराळी!" मी म्हटले, "मग दोन्ही कामांचे भाडे घे." तेव्हा तो रागावला. "मुराळी कवा भाडा घेतो? आता नावेचापन नको." मी धंदेवाला माणूस आहे, फुकट कोणाकडून काही घेत नाही. पण त्या दिवशी काढलेले पैसे परत खिशात ठेवले.

काल रविवारी, चैत्र पौर्णिमेला, नांदखारची जत्रा असते. सकाळी मी टेम्पो घेऊन पालेगावला गेलो. मुराळ्यामागे पोटचा मुलगा दिसणे बरे नव्हते म्हणून मी रस्त्यावरच थांबलो. रामभाऊ नवे धोतर नेसून, हातात नारळ घेऊन आत गेला. आईचा आवाज मला टेम्पोपर्यंत येत होता.

"कोनाचा तू?"

"आत्या, मी तऱ्यांचा रामा. धर्मा तांडेलाचा नातू. तुमाना जत्रंला न्यावाला आयलोय."

"धर्माचा? तुझ्या आज्यानी माझे लग्नाची नाव गालान घातली व्हती! सगला वऱ्हाड चिखलान उतरला. तू तरी नीट चालवतोस का?"

सुदामची पत्नी भागीरथी, आमची वहिनी, हिने रामभाऊला चहा दिला, आईला नवे लुगडे नेसवले, शिदोरी बांधून दिली व स्वतः टेम्पोपर्यंत पोचवायला आली. मला पाहिल्यावर तिने माझ्या हातात आईचे औषध दिले. संध्याकाळी सुदामने विचारल्यावर तिने "आईंना मुराळी आला होता, त्या माहेरी गेल्या" असे सांगितले. ते अक्षरशः खरे आहे; माझे नाव तिने घेतले नाही. परंतु मामा वारलेले असल्याने मुराळी येईल कुठून, असे सुदामला वाटले व टेम्पोचे त्याला शेजाऱ्यांकडून कळले. त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटले असते. तो तसाच ठाण्यावर आला. यात आईविषयी काळजी होती हे मी जाणतो, म्हणून तक्रारीबद्दल माझी तक्रार नाही.

दुपारी भरती पूर्ण झाल्यावर मचवा कल्याणहून सुटला. नावेत माझे व गोदूचे घरचे लोक होते. आई पुढच्या खुर्चीत बसली. तिने कोणाचा हात धरला नाही. गाव दिसायच्या आधी ती गावाचे नाव सांगत होती व रामभाऊला, "वाईच इकरं घे, तिथं गाल हाय," असे दटावत होती. रामभाऊ "व्हय आत्या, व्हय आत्या" करत होता. काठावरचे लोक हात करून विचारत होते, लग्न कोणाचे? मी ओरडून सांगितले, "लग्न नाही, आमची आई माहेरी चालली आहे!" हे मी प्रत्येक गावाला सांगितले. विठा म्हणाली, "अहो, पुरे आता, घसा बसेल." तो बसलेला आहे, हे हवालदार साहेबांनी पाहिले आहे.

ऊन उतरताना नांदखार आले. जत्रेची माणसे धक्क्यावर जमली होती. त्यांत काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. राजाबाई तिचे नाव, आईच्या बरोबरीची. ती म्हणाली, "बने, येवरा उशीर?" आमच्या आईला कोणी 'बने' म्हणताना मी आजवर ऐकले नव्हते. त्या दोघी पुढे काय बोलल्या ते मला सांगता येणार नाही. मी त्या वेळी खुर्चीचे दोर सोडत होतो व दोर लवकर सुटत नव्हते.

अंगठ्याबाबत विचारले असता सांगतो की, नावेत कागद म्हणून जो होता तो भज्यांखालचा. आईचा अंगठा, सही किंवा संमती मी कशावरही घेतलेली नाही. जमिनीबाबत सांगतो की, आई आहे तोपर्यंत व सुदाम हो म्हणत नाही तोपर्यंत पालेगावची ढेकूळभर माती मी विकू देणार नाही. हे वाक्य सांगताना "हळू बोला, मी समोरच बसलो आहे," असे हवालदार साहेब म्हणाले. परंतु पलीकडच्या खोलीत सुदाम बसलेला आहे. त्याचा खोकला मी लहानपणापासून ओळखतो. म्हणून मी हळू बोललो नाही.

मी आज सकाळी दुकान उघडण्यासाठी भिवंडीवरून परत आलो. बाकी सर्व जण नांदखारला आहेत. आईला ठाण्यात हजर करा असे मला सांगण्यात आले. त्यावर सांगतो की, माझा नाइलाज आहे. सकाळी निघताना मी तिला विचारले, "आई, उद्या न्यायला येऊ ना?" ती म्हणाली, "तू कशाला? माहेरवाशिनीला न्यावाला घरचा मोठा येतो. सुदामाला धाड. तो आयला तं उठेन, नाय तं हाय मी आठच काय, पंधरा दिस." कॉन्स्टेबल पाठवला तरी ती उठणार नाही. उलट त्यालाच जेवायला बसवील.

हे सांगून होईपर्यंत सुदाम दारात येऊन उभा राहिलेला आहे. त्याने हवालदार साहेबांना विचारले, "तिची तब्येत कशी आहे म्हणतो हा?" हवालदार साहेब म्हणाले, "त्यालाच विचारा की, समोर बसलाय." सुदाम दारातून आत आला. मग त्याने मला विचारले, "जेवते का?"

मी सांगितले की, काल रात्री तिने दोन भाकऱ्या व निवट्या माशांचे कालवण खाल्ले आणि वर मागितले.

"घरी तर अर्धी खात नाही," सुदाम म्हणाला. नंतर म्हणाला, "नाव किती वाजता सुटते?"

मी सांगितले की, रामभाऊ मचवा कल्याणला आणतो, उद्या दुपारच्या भरतीला सुटेल. वहिनीलाही आण. खुर्ची तुझी.

सुदाम म्हणाला, "येईन. पण मी तुला ओळखतो. बंदरावर बँडबिंड आणायचा नाही, सांगून ठेवतो."

बँडबाबत मी कोणतेही आश्वासन दिलेले नाही, याची नोंद व्हावी.

येणेप्रमाणे माझा जबाब हवालदार साहेबांनी दोघा भावांसमोर मोठ्याने वाचला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. सुदामला विचारले असता त्यानेही बरोबर आहे असे म्हटले.

सही/-
आनंदा बाळाजी गायकर