नानांचा तळवा आणि सुपडूचा आरसा

तुम्ही आता चप्पल झटकून घातलीत ना, त्यावरून आमचे नाना आठवले. नाना म्हणजे माझे साक्रीचे काका. त्यांना शुगर निघाली तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं, "गोड एकदम बंद. आणि तुमचे पाय बधिर होत चाललेत, खिळा घुसला तरी कळणार नाही. रोज आरशात तळवे बघत जा."

काकूने त्याच दिवशी साखरेच्या डब्याला कुलूप घातलं. राहिला आरसा. घरचा आरसा भिंतीवर उंच ठोकलेला, तिथे नानांचा पाय कसा पोचणार? म्हणून बाजाराच्या दिवशी नाना सुपडूच्या कटिंगच्या दुकानात शिरले. मी तिथेच नंबर लावून बसलो होतो.

"दाढी का कटिंग, नाना?" सुपडूने विचारलं.

"तळवा," म्हणत नानांनी चप्पल काढली आणि पाय उचलून आरशासमोरच्या फळीवर टाच टेकवली.

तळव्यावर लालसर, ओलं काहीतरी चमकत होतं. नानांचा चेहराच उतरला. "सुपडू, मना पाय गया रे."

सुपडूने वाकून पाहिलं, बोट लावलं, वास घेतला. "नाना, हाई जखम नई शे. जिलबी शे."

बाजारात चोरून जिलबी खाताना तुकडा चपलेत पडला होता, आणि बधिर पायाला त्याचा पत्ताच नव्हता.

सगळं दुकान हसत होतं. नाना माझ्या कानाशी आले. "घरी जखमच शे म्हनी सांगजो. तुन्ही काकूले जखम चालई, जिलबी नई."