तिसरा लिफाफा

छत्तीसगडातल्या चरोद्याच्या फलाटावर केवलराम दुर्गच्या गाडीची वाट पाहत बसले होते. कारखान्यातल्या कॉम्प्युटर-खरेदीच्या फायली तेच सांभाळत. शेजारचे दोघे मराठीत बोलू लागले, तसे त्यांनी कान टवकारले.

"हळू बोल ना."

"अबे, इथं मराठी कोणाले समजते? सर्व्हरची तिन्ही कोटेशनं मीच टाइप केली."

"बाकीचे दोन डीलर?"

"त्यायनं नुसते शिक्के मारले. सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीनं सौदा आधीच आपल्या नावावर टाकला, त्यायले कमी भाव भेटतच नाही."

"कारखान्याच्या खरेदी कमिटीले शक आला तं?"

"कावून येईन? तीन डीलर, तीन रंगाचे लिफाफे!"

गाडी लागली. केवलराम उठले आणि दोघांकडे वळले.

"भाऊ, माह्या टेबलावर दोनच आले. तिसरा कोणत्या रंगाचा हाय?"