सतरा मिनिटांचा कप

(हामरवीक, फेरो बेटं. टुम्मास आणि त्याची बायको मालान यांचं स्वयंपाकघर. टेबलावर कॉफी आणि गावच्या फुटबॉल क्लबच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकाची उद्या छापायला जाणारी पानं. ती वाचून दाखवतेय पुस्तक लिहिणारी रानवा.)

रानवा : आणि हे पान चौदा, काका. ऐका. "एकसष्टच्या अंतिम सामन्यात आपण एका गोलने पुढे होतो. पाच मिनिटं उरली असताना चेंडू समुद्रात गेला. होडीवाल्या टुम्मासने तो आणायला मुद्दाम सतरा मिनिटं लावली, आणि आपण इतिहासातला एकमेव कप जिंकला." बरोबर?

टुम्मास : "मुद्दाम"च्या आधी "मोठ्या चतुराईने" घाल.

मालान : घाल बाई, घाल. काय मिरवायचं ते एकदाच मिरवून घेऊ दे.

टुम्मास : का नाही मिरवणार? गावात सपाट जागा एकच, तीही समुद्राच्या तोंडाशी. एकतीस वर्षं चेंडू आणला मी! गोल काय, कुणीही मारतं. आपला पाद्रीसुद्धा मारायचा. पण वारा फिरल्यावर चेंडू कुठे जाऊन लागेल ते कळायला दर्या कळावा लागतो, पोरी.

रानवा : लिहिलंय ते सगळं. पण वाचणारा विचारेल, दुसरा चेंडू नव्हता का?

टुम्मास : होता की. तो अर्ध्या वेळेच्या आधीच नॉर्वेच्या वाटेला लागला होता.

रानवा : आणि पंचांनी वेळ वाढवून नाही दिली?

टुम्मास : देणार होते बिचारे. तेवढ्यात त्यांना तोर्सहाव्नला परत नेणारी टपालाची बोट भोंगा द्यायला लागली. ती चुकली असती तर मंगळवारपर्यंत त्यांना आपल्या कप्तानाकडे, दान्यालकडे राहावं लागलं असतं. आणि दान्यालची सासू तेव्हा जिवंत होती. वाजवली शिट्टी.

मालान : रानवा, हे पान काढून टाक.

रानवा : काकू! एकच तर कप आहे. तो काढला तर पुस्तकात उरतं काय? पंचाहत्तर वर्षं हरलो, एवढंच.

मालान : कप राहू दे. "मुद्दाम" काढ. शनिवारच्या पंचाहत्तरीच्या जेवणाला मी हन्नुसला बोलावलंय.

रानवा : तुमचा भाऊ? समोरच्या संघाचा, स्कालनेसचा कप्तान होता ना तो त्या सामन्यात?

मालान : तोच. माझ्या लग्नाला सत्तावन्न वर्षं झाली. दर नाताळला मेंढीची वाळवलेली तंगडी घेऊन येतो, फाटकाशी माझ्या हातात देतो आणि आल्या पावली परत. या घरात पाय म्हणून टाकला नाही त्यानं. त्र्याऐंशीचा झालाय. यंदा पहिल्यांदा "बघतो" म्हणाला. आणि तुम्ही त्याच्या ताटाशेजारी हे पुस्तक ठेवणार?

टुम्मास : एका कपासाठी किती राग धरायचा माणसानं! खेळ आहे तो.

मालान : तू गप्प बस. चतुराई म्हणे! रानवा, लिहून घे. चेंडू वाहत वाहत आमच्या गावच्या, स्कालनेसच्या बोटीला येऊन लागला. माझा घोटा मुरगळला होता, म्हणून मी एकटीच बोटीत बसले होते. मी उचलला चेंडू. हा आला धापा टाकत.

टुम्मास : मालान, कशाला उगाच...

मालान : म्हटलं, नाव सांग, मग देते. तर याची दातखीळच बसली. नाव सांगण्यात चार मिनिटं गेली.

टुम्मास : तू माझ्याकडे बघत होतीस!

मालान : आणि एकदा तोंड उघडलं ते मिटेना. मेंढ्या किती, त्यातल्या काळ्या किती, लंगडीला काय औषध लावलं. किनाऱ्यावर दोन्ही गावं बोंबलतायत, आणि चेंडू माझ्या मांडीवर.

रानवा : म्हणजे काका, तुम्ही मुद्दाम काही केलंच नाहीत?

टुम्मास : मला वाटलं, दोनेक मिनिटं झाली असतील.

रानवा : मग इतकी वर्षं लबाड का म्हणवून घेतलंत? स्कालनेसला शेंबड्या पोरालासुद्धा तुमचं नाव माहीत आहे, आणि ते काही कौतुकानं नाही.

टुम्मास : मग काय सांगायचं होतं? की त्यांच्याच कप्तानाच्या बहिणीनं चेंडू धरून ठेवला? तिला घरात घेतलं असतं का कुणी? मी पडलो परगावचा. मला चार शिव्या घातल्या तर माझं काय गेलं?

मालान : माझा भाऊ गेला ना त्यात! दे तो फोन इकडे... हॅलो, हन्नुस? बसलायस का? आधी बस. हे बघ, एकसष्टचा तो चेंडू टुम्मासनं नाही अडवला. मी धरून ठेवला होता. हो, मीच... काय?

रानवा : काय म्हणतात?

मालान : माहीत आहे म्हणतो. चेंडू आत फेकायला कडेला तोच उभा होता. सगळं दिसत होतं म्हणे त्याला.

टुम्मास : मग दरवर्षी फाटकातून परत का जातो? विचार. कपाचा राग माझ्यावर कशाला काढतो?

मालान : ऐकलंस ना, हन्नुस?... हं... हं. सांगते.

रानवा : काकू?

मालान : म्हणतो, कपाचं काय घेऊन बसलात, तो आम्ही पुढच्याच वर्षी जिंकून आणला. बहीण नाही परत आणता आली.