खानदानातला पहिला वायडी

— बोलू नका. तात्या, बोलू नका म्हणलं ना! तारा तुटतील. खालच्या दातांना वरचे दात बांधून टाकलेत डॉक्टर मैत्रेयी मॅडमनी, जरा जोर लावला की पुन्हा भूल द्यावी लागंल. आजवर तुमी बोलायचं आन खानदानानं मान हलवायची. आज मी बोलतो. घाबरता काय? हात बघा माझे, रिकामे हायत. काकू खाली मोसंबीचा रस आणायला गेली तेव्हाच वर आलो, तिनं बघितलं असतं तर पायातली काढली असती. बसतो मी. उशी नीट करू? नको? बरं. मी हात लावलेला चालत न्हाई, पण मीच मोडलेलं तोंड तुमी 'पडून मोडलं' म्हणून सांगता, ते चालतं. ती पाटी इकडं द्या. द्या हो. वा! चेअरमन साहेबांना पाटी-पेन्सिल. काय लिहिलंय? 'पडलो.' अक्षर अजून तसंच हाय तुमचं, सोसायटीच्या फळ्यावरचं. डॉक्टरला हेच लिहून दाखवलं, माझ्या बापाला, सख्ख्या भावाला, हेच, आन आता हवालदाराला हेच दाखवणार. आलाय तो, खाली गेटवर चहा घेतोय. असं जबड्याचं हाड मोडलेला पेशंट आला की दवाखान्याला पोलिसात कळवावंच लागतं, न्हाईतर तुमी ते बी होऊ दिलं नसतं.

कुठून पडला, तात्या? स्टेजवरून? मंगल कार्यालय गच्च भरलेलं, हातात अक्षता घेऊन माणसं उभी, सगळ्यांनी बघितलं, आन तिसगावात एक माणूस तोंड उघडायला तयार न्हाई. का? तर चेअरमनच्या घरची गोष्ट. बापाला विचारलं मी — दादा, तू तर शेजारीच हुतास! — तर म्हणतो, माझं ध्यान भटजीकडं हुतं. माझ्या बापाचं ध्यान जन्मभर भटजीकडंच हाय. तुमी मला गोठ्यात दावणीला बांधून कासऱ्यानं फोडत हुता, सतराचा पाढा चुकला म्हणून, तेव्हा बी त्याचं ध्यान भटजीकडं हुतं. पाठीवर वळ उठले हुते. म्हशी बघत हुत्या, बाप न्हाई. आन मारून झाल्यावर तुमीच तेल लावायचा, म्हणायचा, 'इंजिनिअर व्हायचंय ना पोरा तुला?' मला? मला व्हायचं हुतं? मला एकदा बी कुणी विचारलं?

बारावीला मार्क पडले तेवढे पडले, तुमी कॉलेज शोधलं. नगरच्या बाहेर माळावर, चार मजले, बाहेरून काच, आत लेथ मशीन हुतं पण त्याला वायर नव्हती. मेकॅनिकल! मुलाखतीत तिथल्या सरांनी मला काय विचारलं न्हाई, तुमाला विचारलं, आन तुमी अर्धा तास बोलला. तिथंच कळायला पाहिजे हुतं कोण शिकणार ते. आन शिकून काय झाले माझ्याबरोबरचे? सुहास, सावेडीतला, मास्तरांचा पोरगा, वर्गात पहिला — सुप्याच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर उभा राहतो, ट्रेनी म्हणून. पत्रा सरकव, बटण दाब, पत्रा सरकव, बटण दाब. त्या प्रेसनं त्याची दोन बोटं घेतली, तात्या. हातमोज्यात राहिली ती. मी बघायला गेल्तो तर त्याची आई म्हणते, 'आमचा इंजिनिअर लवकरच परत जॉइन होणार.' दुसरा सुश्रुत, तो आमच्याच कॉलेजात शिकवतो आता. जे त्याला कधी आलं न्हाई तेच शिकवतो. लई हुशार म्हणायचे दोघांना. मी तर हुशार बी नव्हतो. गणिताचा तिसरा पेपर काय निघंना, बाकीचे राहिले ते वेगळेच, आन निकाल लागला — वायडी.

तुमचा फोन आल्ता. आठवतं का? मी हॉस्टेलच्या जिन्यात बसलो हुतो, रडून झालं हुतं. 'काय झालं रे निकालाचं?' म्हणलं, 'वायडी झालो, तात्या.' तुमी म्हणला, 'झाला ना? झाला ना शेवटी!' मागं काकूला ओरडून सांगितलं, 'अगं, वायडी झाला!' मग मला विचारलं, 'डॉक्टरकीत एमडी असती तशी का रं ही?' आन मी... मी फोन ठेवला. बस्स. मी काय हो म्हणलो न्हाई. मी फक्त फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत गावात पेढे गेले हुते. वायडी म्हंजी इयर डाऊन, तात्या. वर्ष खाली. पुढच्या वर्गात बसायचं न्हाई, घरी जायचं, राहिलेले पेपर काढायचे. नापास, तात्या. नापासाला इंग्रजीत वायडी म्हणतात. आज पहिल्यांदा कळतंय ना? डोळे मोठे करू नका, टाके ताणतील.

मी कॉलेज तेव्हाच सोडलं. तुमाला वाटत हुतं वायडीच्या पुढचं शिकायला मी लायब्ररीत असतो — मी भंगारच्या वाड्यात असतो. जुन्या बसगाड्या कापतो, गॅस कटरनं. छपरापासनं सुरू करायचं, एका सरळ रेषेत जाळत यायचं, आन मग सांगाडा आपसूक खाली बसतो, असा, धप्पकन. काय आवाज येतो, तात्या! दिवसभर मोडायचं, कुणी विचारत न्हाई पुढं काय होणार. तिथं मला हऱ्या म्हणतात. गावात आलो की मी 'इंजिनिअर'. पानाच्या टपरीवर इंजिनिअर, मयतीला इंजिनिअर. कुणाची पिठाची गिरणी बंद पडली की 'बोलवा इंजिनिअरला.'

तेवढं बी सोसलं असतं. पण बहिणीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न! मुहूर्त टळत आल्ता, भटजी घड्याळ दाखवत हुते, आन तुमच्या हातातला माइक सुटंना. सरपंचांचं स्वागत, व्याह्याच्या मेव्हण्याचं स्वागत, आन मग — 'नवरीचे बंधू, आमच्या खानदानातले पहिले वायडी, इंजिनिअर हर्षल, यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावं!' पहिले वायडी! तात्या, नवरदेव इंजिनिअर, त्याचे दोस्त सगळे इंजिनिअर, पुण्याहून गाड्या करून आल्ते. अख्ख्या मांडवात तो शब्द कळणारी तेवढीच माणसं, आन ती पहिल्या रांगेत. पहिल्यांदा एकानं तोंडावर रुमाल धरला. मग एकजण ओरडला, 'वाय — डी!' मग टाळ्यांवर सुरू झाले, 'वाय — डी! वाय — डी!' तुमी माझ्या डोक्यावर फेटा ठेवत हुता. ज्ञानेश्वरीनं मुंडावळ्या बाजूला करून माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. तिच्या नवऱ्यानं तिच्या कानात सांगितलं असंल.

तुमाला वाटतं मी त्यांच्या हसण्यापायी मारलं? न्हाई. त्यांचं काय, मी बी त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो. मी... तुमी हसत हुता, तात्या. तुमाला वाटलं ती पोरं खूश झाली. तुमी माइक तोंडाला लावला आन त्यांच्याबरोबर सुरू झाला, 'वायडी! वायडी!' हात वर करून, डोळ्यात पाणी आणून. उभ्या जन्मात तुमाला एवढं खूश बघितलं नव्हतं मी. ते तोंड मला बघवलं न्हाई. ते बंद व्हायला पाहिजे हुतं, एवढंच कळलं. माइक हिसकला आन त्याच माइकनं हाणला. चालू हुता तो. तुमचं हाड मोडलं त्याचा आवाज स्पीकरच्या दोन्ही बॉक्समधनं बाहेर आला, सगळ्या मांडवानं ऐकला, जेवणाच्या पंगतीपर्यंत गेला. दुसऱ्यांदा हाणला तेव्हा दात आला बाहेर. तिसरा मारला असता, फेटा डोळ्यावर आला म्हणून राहिला. आचाऱ्याच्या फडक्यानं रक्त पुसलं, आन भटजींनी त्याच माइकवरून मंगलाष्टकं म्हणली. दणकट माइक निघाला.

काय लिहिताय? थांबा, पाटी धरतो मी. 'केस झाली तर नोकरी...' पुढं? 'नोकरी न्हाई.' म्हंजी? माझ्यासाठी? म्हणून पडला तुमी? पोलिसात नाव गेलं की कंपनी घेत न्हाई, म्हणून? अहो, मी आत्ता काय सांगितलं एवढा वेळ! नापास! कॉलेज सोडलं! आणखी काय लिहिताय... 'परीक्षा कधी.'

परीक्षा कधी.

तात्या, मी तुमचं तोंड मोडलं. हे मी केलं. माझ्या हातानं, पूर्ण, एटीकेटी न राहता. तेवढं तरी माझ्या नावावर राहू द्या! गुन्हा लागला की सुटलो मी, कुणी फॉर्म भरायला सांगणार न्हाई, कुणी फेटा बांधणार न्हाई. पुसतो हे. ही घ्या पेन्सिल. लिहा, 'मारलं'. तीनच अक्षरं हायत, 'पडलो'ला लागतात तेवढीच. धरा! धरा म्हणतो ना!

— या, हवालदार साहेब, या. मी? पुतण्या. न्हाई न्हाई, वाद कसला, विचारपूस चाललीय. ह्यांना बोलता येत न्हाई, पाटीवर लिहितात, तुमी विचारा, काय झालं म्हणून विचारा. तात्या, साहेब विचारतायत. खरं लिहा. पाया पडतो तुमच्या. माझ्याकडं बघू नका असं. लिहा.

लिहिलं.

परत तेच लिहिलं, साहेब. 'पडलो.' न्हाई, उतरवून घेऊ नका. ती वही बंद करा जरा, पेन खिशात ठेवा. हे सगळं जुनं झालं, नवं आत्ता होतंय. तुमी इथं या, पलंगाच्या ह्या बाजूला, उजेडात उभे राहा, म्हंजी नंतर कुणी म्हणायला नको की तुमचं ध्यान दुसरीकडं हुतं. माझ्या हाताकडं बघा, साहेब. नीट बघा —