पाचव्या दिवशीचा रंग

बाप : हळू! बाबा, ती बादली जरा बेताने ठेवा ना.

आजोबा : बेतानेच ठेवली. पत्र्याची बादली फरशीवर ठेवली की एवढा आवाज होणारच.

बाप : उठली तर पुन्हा दोन तास खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या. तुम्हाला नाही, मला. आत्ता कुठे झोपलीय.

आजोबा : आत्ता कुठे? मी दाढी करत होतो तेव्हा झोपली होती. आंघोळीला गेलो तेव्हा झोपली होती. आता माझे कपडेसुद्धा धुऊन झाले.

बाप : मग चांगलंच आहे की. हा बघा तक्ता. दूध, लंगोट, झोप, सगळं लिहिलंय. सकाळी सातला पंचवीस मिली.

आजोबा : आणि आता वाजले किती?

बाप : साडेबारा.

आजोबा : साडेपाच तास झाले. पाच दिवसांचं पोर साडेपाच तास उपाशी झोपतं?

बाप : उपाशी काय म्हणता! भूक लागली की रडेल. रडत नाही म्हणजे पोट भरलंय. सकाळीच हिच्या आईला फोनवर सांगितलं, पोरगी शहाण्यासारखी झोपते, तू निवांत राहा. इतकी खूश झाली! दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. नाहीतर तिकडे इस्पितळात ताप, सलाईन, आणि लेकीला जवळ घ्यायची बंदी. आता कुठे सगळं रुळावर येतंय, त्यात तुम्ही खोट काढू नका.

आजोबा : खोट काढत नाही. विचारतोय. सातला घेतलेलं तरी नीट ओढून घेतलं का?

बाप : जरा आळसावली होती. निम्मं ओठांतून बाहेर आलं.

आजोबा : म्हणजे पंचवीस नाही, बारा.

बाप : बाटलीतून पंचवीस गेलं, ते लिहिलं. बाहेर किती आलं ते कसं मोजू?

आजोबा : लंगोट किती ओले झाले?

बाप : एक. पहाटे.

आजोबा : काल?

बाप : काल पाच. तुम्ही असे येरझारा घालू नका बरं. खाली बसा.

आजोबा : त्या लंगोटाचा रंग कसा होता?

बाप : झालं! तुम्हाला जिथेतिथे रंग दिसतो. भिंत असो, लंगोट असो.

आजोबा : जन्मभर तेच केलं, दुसरं काय दिसणार? सांग ना, कसा होता?

बाप : गडद होता जरा. कोऱ्या चहासारखा.

आजोबा : पडदा बाजूला कर.

बाप : ऊन येईल तिच्या तोंडावर.

आजोबा : येऊ दे. सूनबाईने हौसेने पिवळे पडदे लावले आणि आपण दोघं तीन दिवस त्या पिवळ्या उजेडात हिला बघतोय. अरे, मी एकदा एका शाळेचं सभागृह असंच रंगीत काचांच्या उजेडात रंगवलं. सायंकाळपर्यंत झकास दिसत होतं. सकाळी दारं उघडली तर सगळी भिंत हिरवट. मुख्याध्यापकांनी मला उभं केलं होतं, पोरासारखं.

बाप : तुमच्या सभागृहाचा इथे काय संबंध?

आजोबा : तुझा तो धुतलेला बनियन आण. पांढरा. तिच्या गालाला लावून धर. पांढऱ्याशेजारी धरल्याशिवाय रंग कळत नाही. आता बघ.

बाप : गव्हाळ आहे. हिच्या आईसारखी.

आजोबा : गव्हाळ नाही हे. नाकावर बोट ठेव. हलकं दाब. सोड. काय दिसलं?

बाप : पिवळसर.

आजोबा : आता छातीवर.

बाप : पिवळंच. पण असतं हो थोडं, घरी सोडताना डॉक्टर म्हणालेच होते. बहुतेक बाळांना होते कावीळ, आपोआप उतरते म्हणाले.

आजोबा : पिवळेपणा वाढला की तोंडाकडून पायांकडे उतरतो, म्हणून बघायला सांगतोय. मांडीवर दाब.

बाप : पिवळं.

आजोबा : मोजे काढ. तळपाय.

बाप : बाबा...

आजोबा : बोल.

बाप : तळपायसुद्धा.

आजोबा : उठव तिला.

बाप : ए पिल्ल्या. ए माझ्या राणी. उठ बरं. बघ, आजोबा ओरडतायत आपल्याला. अहो, मी गुदगुल्या करतोय तळव्याला, पाय ओढूनपण घेत नाही. ओला रुमाल द्या. बाटली द्या ती. घे, घे ना गं. ओठ हलवते नुसते. ओढतच नाही. सगळं गळ्यावर ओघळतंय. बाबा, ही ओढत नाहीये!

आजोबा : पुरे. बळेच ओतू नकोस, ठसका लागेल. फोन कर इस्पितळातल्या त्या सिस्टरला.

बाप : पुन्हा?

आजोबा : पुन्हा.

बाप : काल तीनदा केला मी. शिंकली म्हणून केला. उचकी लागली म्हणून केला. पाय निळे पडले म्हणून केला, तर तो मोज्यांचा रंग निघाला! पलीकडे चारजणी खिदळत होत्या. तुम्हीही पोट धरून हसलात. म्हणालात, याला मुलगी झाली नाही, धोक्याची घंटा झालीय.

आजोबा : म्हणालो.

बाप : मग मी ठरवलं, आता जीव गेला तरी फोन करायचा नाही. म्हणून सकाळपासून गप्प बसलो. मला काय वाटलं नसेल? नऊ वाजता वाटलं, उठवावं. दहा वाजता वाटलं. म्हटलं नको, बाबा पुन्हा हसतील.

आजोबा : मला काल संध्याकाळीच दिसलं होतं.

बाप : काय?

आजोबा : कपाळ आणि नाक. वाटलं, सांगावं. पण तासाभरापूर्वीच तुला हसलो होतो. म्हटलं आता कुठल्या तोंडाने सांगू? उद्या बघू. फोन लाव आधी, मग मला काय हवं ते बोल.

बाप : हॅलो, सिस्टर? मी... पाच दिवसांची मुलगी, आई तुमच्याकडेच वर तापाच्या वॉर्डात आहे...

सिस्टर : हो हो, ओळखलं. मोजेवाले! आज काय, जांभई दिली का?

बाप : उठत नाहीये.

सिस्टर : उठत नाही म्हणजे? शेवटचं दूध कधी घेतलं?

बाप : सातला. तेही निम्मंच. आता बाटली तोंडात दिली तर ओढत नाही. लंगोट एकच ओला, गडद. आणि पिवळी दिसतेय. तळपायापर्यंत.

सिस्टर : श्वास नीट चाललाय? पोट हलतंय?

बाप : हलतंय.

सिस्टर : लगेच घेऊन या. उन्हात धरत बसू नका, पाणी पाजू नका, आंघोळ घालू नका. आहे तशी गुंडाळा आणि निघा. मी डॉक्टरांना सांगून ठेवते. आणि ऐका, फोन केलात ते बरं केलंत.

बाप : चला. दुपटं कुठेय? फाइल? किल्ली? ही गाठ का बसत नाहीये! रोज लिफ्ट दुरुस्त करताना मी तारांचे जाड दोर आवळतो, बाबा, आणि हे एवढंसं दुपटं...

आजोबा : राहू दे ती गाठ. मी घेतो तिला. तू गाडी बोलाव.

बाप : तुम्ही? तुम्ही कधी घेतलंय तान्ह्या पोराला? आई सांगायची, मला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा मी तीन महिन्यांचा होतो.

आजोबा : साडेतीन. बाहेरगावी कारखान्याची धुराडी रंगवत होतो. दे इकडे.

बाप : मान सांभाळा. मानेखाली हात. असा.

आजोबा : तीस वर्षं शिडीवर उभा राहिलोय एका हातात डबा धरून. थेंब सांडू दिला नाही.

बाप : हा डबा नाही.

आजोबा : माहितेय मला. चल, दार उघड.

(तासाभराने. इस्पितळात, तान्ह्या बाळांच्या कक्षाबाहेरचं बाक.)

बाप : किती वेळ झाला आत नेऊन?

आजोबा : वीस मिनिटं. मघाशी विचारलंस तेव्हा अठरा झाली होती.

बाप : रक्त काढायला एवढा वेळ लागतो का?

आजोबा : एवढीशी तर शीर असेल. सापडायला नको?

बाप : लिफ्ट अडकली ना, की मी पहिलं काय करतो माहितेय? दाराला तोंड लावून आतल्या माणसांना सांगतो, घाबरू नका, तुम्ही सुखरूप आहात, लिफ्ट खाली पडणार नाही. आणि ते खरं असतं. ब्रेक मला माहीत असतो, दोर माहीत असतो. इथे मला काहीसुद्धा माहीत नाही. आत कुणाला काय सांगू?

आजोबा : बस जरा.

बाप : बसवत नाही. तिचा फोन आला होता मघाशी. तीनदा.

आजोबा : सूनबाईचा? उचलला नाहीस?

बाप : काय सांगू? सकाळी सांगितलं शहाण्यासारखी झोपते. आता सांगू, ते शहाणपण नव्हतं? ती वरून सलाईन उपटून खाली येईल.

आजोबा : तुला झोडपून काढेल.

बाप : काढू दे. मी तक्ता लिहीत बसलो, बाबा. सुबक अक्षरात. झोप : साडेपाच तास. त्याच्यापुढे बरोबरची खूण केली मी. खूण!

आजोबा : ते तुझ्या एकट्याचं नाही. मी काल बोललो असतो तर...

बाप : तुम्ही आज बोललात.

आजोबा : उशिरा बोललो. तुझी आई जायची होती तेव्हाही असंच. ओठांचा रंग बदललेला मला दोन दिवस दिसत होता. ती म्हणाली, काही नाही हो, दमलेय. मी म्हटलं, बरं. भिंतीच्या बाबतीत कुणाचं ऐकलं नाही कधी. फिकट म्हणजे फिकट, मालक काही का म्हणेना. माणसांच्या बाबतीत मात्र...

बाप : हे कधी सांगितलं नाहीत मला.

आजोबा : तू विचारलंस कधी? आणि विचारलं असतंस तरी... ते जाऊ दे. हे बघ, दार उघडलं.

सिस्टर : मुलीचे वडील?

बाप : मी. मीच. काय आहे? बोला ना.

सिस्टर : कावीळ बरीच वर गेलीय. दूध पोटात गेलं नाही म्हणून वाढली, आणि वाढली म्हणून ती गुंगीत गेली, म्हणून आणखी दूध नाही. असं चक्र असतं ते. निळ्या दिव्याखाली ठेवलंय, त्या उजेडाने कावीळ उतरते. नळीने दूध दिलंय, ते राहिलंय पोटात.

बाप : पण मेंदूला वगैरे... मी वाचलं होतं कुठेतरी...

सिस्टर : त्या पातळीच्या अलीकडे आहे. फार अलीकडे नाही, म्हणून सांगते, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर रक्त बदलायची वेळ आली असती. आता चार तासांनी पुन्हा तपासू. उतरायला लागली की चिंता नाही. डॉक्टरांना वाटतं, उतरेल.

बाप : वाटतं म्हणजे?

सिस्टर : म्हणजे वाटतं. खात्री मी चार तासांनी देईन. सुई टोचली तेव्हा रडली, हे मात्र मी स्वतः ऐकलं.

बाप : जोरात?

सिस्टर : फार नाही. पण कपाळाला आठ्या घालून. राग आला होता तिला चांगलाच.

आजोबा : आईवर गेलीय.

सिस्टर : लक्षात कुणाच्या आलं?

बाप : बाबांच्या. बनियन लावून बघितलं त्यांनी.

सिस्टर : बनियन?

आजोबा : पांढरा हवा होता काहीतरी. मी रंगारी आहे.

सिस्टर : बरं, ऐका. आत एकाच माणसाला बसता येईल. हात धुवायचे, चपला बाहेर. डोळ्यांवर पट्टी आहे तिच्या, ती बघून घाबरायचं नाही, उजेडापासून डोळे जपायला असते. आणि हिच्या आईला फोनवर काही सांगू नका. वर जाऊन, समोर बसून सांगा.

बाप : मी आधी हिला बघतो. एक मिनिट. मग वर जातो.

आजोबा : बघून ये. मी आहे इथे.

(एका मिनिटाने, कक्षाच्या दारात.)

बाप : बाबा, या. सिस्टर म्हणाली, मी निघेपर्यंत तुम्हीही आत आलात तरी चालेल. अहो, केवढीशी दिसते त्या पेटीत! सगळी निळी. मुठी उघडून झोपलीय.

आजोबा : मूठ उघडते, मिटते. बघ, आता मिटली. तू जा वर.

बाप : जातो. काय सांगू तिला? सुरुवात कुठून करू?

आजोबा : रडली, इथून कर. बाकीचं मग सांग. पण सगळं सांग. माझं कालचंसुद्धा.

बाप : तुमचं कशाला?

आजोबा : सांग म्हणतो ना. जा आता, ती वाट बघत असेल. मी बसतो हिच्याजवळ.

बाप : किती वेळ बसाल?

आजोबा : हा दिवा बंद करेपर्यंत.

बाप : दोन दिवस चालणार आहे तो, बाबा.

आजोबा : मग ती खुर्ची जरा जवळ सरकव.