चिमूर लोकसभेचे दोन भोंगेवाले

मामा आता ठणठणीत आहेत, म्हणून हसत सांगतो. धंतोलीतल्या दवाखान्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. भीतीनं सकाळपासून गप्प होते. शेवटी नर्सला वेळ विचारली, तर शेजारच्या खाटेवरचे काका उठूनच बसले.

"हा आवाज मले माहीत हाय! चिमूर लोकसभेत जीपवर भोंगा घेऊन तुम्हीच फिरत होते ना?"

"हो. तुम्ही?"

"समोरच्या पार्टीच्या जीपवर!"

झालं, दोघं भांडायला लागले. मी विचारलं, "हा मतदारसंघ आहे कुठं?"

"नव्या आखणीत मोडला. गडचिरोलीले जोडला," काका म्हणाले.

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. काका हळवे झाले. "जाऊ द्या गा, मतदारसंघच नाही उरला, आता काहून भांडता?"

मामा स्ट्रेचरवरून गरजले, "मतदार तं उरले ना! येतोच मी. जागेवरून हालू नका!"