रेघ नसलेले शून्य

आदरणीय अध्यक्ष श्री. शिवदास गोकर्ण, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी बंधूंनो, आणि मागच्या दोन रांगांत बसलेल्या पंचरूममधील भगिनींनो,

मला आज एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: धंदा वाढला म्हणून त्यातली माणसे आपोआप वाढत नाहीत. पुरावाही एकच आहे, आणि तो माझ्या खिशात आहे.

पाहुण्यांनी आत्ताच सांगितले, की संगणकाच्या क्षेत्रात यापुढे माणसे कमी पडतील. खरे आहे. अंधेरीला सीप्झच्या निर्यात वसाहतीत नव्या कंपन्यांच्या पाट्या लागत आहेत. आपल्या मुलुंडच्या या विभागातले तिघे वर्षभरात परदेशी गेले. सोळा वर्षे मी ही वाढ पाहिली. निवृत्त होताना थकलो आहे, हे कबूल करतो. आपण पांघरवलेली शालही आज जड वाटते आहे. पण माणसे कमी पडत असतील, तर रत्नप्रभा मेस्त्री अकरा वर्षे कार्डांना भोकेच का पाडत आहेत?

पाहुण्यांसाठी सांगतो. प्रोग्रॅम आम्ही हाताने कागदावर लिहितो, आणि पंचरूममध्ये तो यंत्रावर कार्डांत उतरतो. तिथला नियम असा, की दिसेल तेच मारायचे. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांत गोंधळ नको, म्हणून लिहिणाऱ्याने शून्यावर तिरपी रेघ द्यायची. दोन्ही नियम माझेच.

१९८१ साली मेस्त्रीबाई माझा एक कागद घेऊन आल्या. “सर, हे शून्य की ओ? मला शून्य वाटतंय. ओ मारला तर गोदामातल्या मालाचा आकडा भलताच येईल.”

मी मान वर केली नाही. “रेघ आहे का?”

“नाही.”

“मग ओ. विचार करायला इथे प्रोग्रॅमर आहेत.”

त्यांच्या शेजारच्या सुलक्षणाबाई मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, “मार गं ओ! वाट लागली तर सरांची लागेल, तुझी नाही ना!”

सुलक्षणाबाई, आपण हसता आहात. आपला तर्क निर्दोष होता, निष्कर्ष तेवढा चुकला. चार दिवस यंत्राने चुकीचे आकडे दिले, आणि मी कागद पुन्हा न पाहता मेस्त्रीबाईंच्या फाईलीत शेरा लिहिला: “अक्षर व अंक यांतील फरक समजत नाही.”

त्या शेऱ्यावर प्रोग्रॅमरच्या निवडीतून त्यांचा अर्ज दोनदा परत आला. दोन्ही वेळा समितीवर मी होतो. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “सर, फरक कळत होता म्हणूनच विचारायला आले होते ना?” मी उत्तरलो, “लेखी नोंदीपुढे आठवण टिकत नाही.” ते वाक्य मला तेव्हा आवडलेही होते.

सोमवारी कपाट रिकामे करताना तो कागद सापडला. त्यावर अठरा शून्ये आहेत. सतरांवर रेघ आहे. अक्षर माझे.

जूनमध्ये पंचरूम बंद होईल. परवा शुक्रवारी प्रोग्रॅमरची शेवटची निवड आहे. ज्या त्यात येणार नाहीत, त्या गोदामात जातील. मेस्त्रीबाईंनी अर्ज केलेला नाही. काल कारण विचारले, तर म्हणाल्या, “तिसऱ्यांदा कशाला, सर? शेरा तोच, वाचणारे तेच.”

अर्जाची मुदत आज साडेपाचची आहे. आत्ता पाच वाजायला दहा मिनिटे आहेत, म्हणून आवरते घेतो. अध्यक्षमहाराज, तो कागद, माझे निवेदन आणि एक कोरा अर्ज आपल्या हाती देतो. अर्ज भरायचा की नाही, हे बाईंनी ठरवावे. माझ्या सांगण्याला त्यांनी मान द्यावा, असे मी काही केलेले नाही.

शाल, श्रीफळ आणि आपला वेळ यांबद्दल ऋणी आहे. बोलण्यात कुठे तोल गेला असेल तर आपण मोठ्या मनाने पोटात घाला. लिहिण्यातली चूक मात्र पोटात घालू नका. ती फाईलीत लावा. वाचून दाखवतो:

“सन १९८१च्या सोबतच्या कागदावरील एक शून्य मी रेघ न देता लिहिले. श्रीमती रत्नप्रभा मेस्त्री यांनी ते ओळखून मला वेळीच विचारले होते. चूक माझी होती.

दिगंबर वासुदेव रेगे
मुलुंड, ३० एप्रिल १९८६”